जपानी मेंदूज्वर : बगळे, डुकरे आणि भाताचे खाचर



भाताची लावणी आटोपते, खाचरे पाण्याने भरतात आणि त्यानंतर महिना-दीड महिन्याने काही भागांत एखाद्या लहान मुलाला एकाएकी जोराचा ताप येतो. झटके येतात, मूल बेशुद्ध होते. घरात दुसरे कोणी आजारी नसते, शेजारीही नसते. मग हा रोग आला कोठून, असा प्रश्न घरच्यांना पडतो.

हिवताप किंवा डेंग्यू असता तर आसपास आधीचा एखादा रुग्ण सापडला असता, कारण ते रोग डासामार्फत एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जातात. जपानी मेंदूज्वराचे तसे नाही. त्याचा विषाणू पाणपक्ष्यांत टिकून राहतो, डुकरांत वाढतो आणि डासाच्या सोंडेतून माणसापर्यंत पोचतो. त्यामुळे या रोगाचा विचार करताना गावात डास किती आहेत एवढेच पाहून भागत नाही. ते डास कोणाचे रक्त पितात, हेही पाहावे लागते. हे एकदा नीट समजले, की कोणता उपाय उपयोगी आणि कोणता निरुपयोगी हे आपले आपल्यालाच ठरवता येते.

रोगाची ओळख

जपानमध्ये १८७१ पासून या रोगाची नोंद आहे. १९२४ मध्ये तेथे मोठी साथ आली, त्यावरून रोगाला हे नाव पडले. आपल्या देशात १९५५ मध्ये तामिळनाडूतील वेल्लोर भागात हा रोग प्रथम ओळखला गेला. पहिली मोठी साथ १९७३ मध्ये पश्चिम बंगालच्या बांकुरा भागात आली. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात गोरखपूरच्या परिसरात आलेल्या साथीत पाच हजारांहून अधिक रुग्ण झाले व तेराशेहून अधिक दगावले. त्यांत बहुसंख्य मुले होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस गोव्यातही साथ येऊन गेली. महाराष्ट्रात विदर्भातील भंडारा, गोंदिया, नागपूर या भागांतून रुग्ण नोंदले गेले आहेत.

विषाणू अंगात शिरलेल्या प्रत्येकालाच रोग होत नाही. सुमारे अडीचशे जणांना लागण झाली तर त्यांपैकी एकाला गंभीर आजार होतो. बाकीच्यांना काही जाणवत नाही, किंवा किरकोळ ताप येऊन जातो. परंतु ज्याच्या मेंदूला सूज येते त्याची स्थिती बिकट होते. अशा शंभर रुग्णांपैकी तीसपर्यंत रुग्ण दगावू शकतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना लुळेपणा, झटके, बोलण्यातील दोष, बुद्धीची मंदता असे काही ना काही कायमचे राहते. या विषाणूवर थेट गुण देणारे औषध अद्याप नाही. म्हणून सारा भर प्रतिबंधावर द्यावा लागतो.

बियाणे, गादीवाफा आणि खडकाळ रान

ज्या प्राण्याच्या शरीरात विषाणू राहतो त्या प्राण्याला विषाणूचा यजमान म्हणतात. सगळे यजमान सारखे नसतात. आपल्या शेतीच्या भाषेत सांगायचे तर बगळा हा बियाणे जपून ठेवणारा यजमान आहे. डुक्कर हा गादीवाफा आहे; तेथे थोड्या बियाण्याची भरपूर रोपे होतात. माणूस म्हणजे खडकाळ रान. तेथे पडलेले बी उगवते, नुकसान करते, पण पुन्हा बी धरत नाही.

यामागचे कारण साधे आहे. डासाला लागण व्हायची तर त्याने प्यालेल्या रक्तात विषाणू पुरेशा प्रमाणात असावे लागतात. बगळ्याच्या व डुकराच्या रक्तात ते प्रमाण काही दिवस खूप चढते. माणसाच्या रक्तात ते फार कमी आणि थोडाच वेळ असते. म्हणून रुग्णाला चावलेला डास रोग पुढे नेऊ शकत नाही. रुग्णाजवळ बसल्याने, त्याची सेवा केल्याने किंवा त्याचे कपडे धुतल्याने हा रोग होत नाही. रुग्णाच्या घराला वाळीत टाकणे हे अज्ञान आहे. घोड्याचेही माणसासारखेच आहे. त्याला आजार होतो, पण त्याच्याकडून रोग पुढे जात नाही.

बगळ्यांचा वाटा

गायबगळा, ढोकरी, रातबगळा हे पक्षी आपल्या परिचयाचे आहेत. चिखलणीच्या वेळी नांगरामागे आणि एरवी गुरांच्या पायाशी ते किडे टिपत फिरतात. १९५० च्या दशकात शेरर व ब्यूशर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जपानमध्ये टोकियोच्या परिसरात बगळ्यांच्या वीण-वसाहती, डुकरांचे गोठे आणि डास यांचा काही वर्षे सलग अभ्यास केला. विषाणूचे हे फिरते चक्र त्यातूनच स्पष्ट झाले. आपल्याकडे कर्नाटकातील कोलार भागात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने पक्ष्यांच्या रक्ताची तपासणी केली. तेथील ढोकरी व गायबगळ्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. म्हणजे हा विषाणू त्यांच्या शरीरात येऊन गेला होता.

बगळा यजमान म्हणून इतका महत्त्वाचा का? एक तर विषाणूमुळे तो स्वतः सहसा आजारी पडत नाही, त्यामुळे त्याचे फिरणे चालूच राहते. दुसरे, तो पाण्याच्या आधाराने राहतो आणि हे डासही पाण्याच्याच आधाराने वाढतात. तिसरे कारण त्याच्या विणीचे. बगळे चिंच, वड, बाभूळ अशा झाडांवर शेकड्यांनी एकत्र घरटी करतात आणि बऱ्याच ठिकाणी हा काळ पावसाळ्यातच येतो. घरट्यातील पिलांच्या अंगावर पिसे कमी असतात, त्यांना डास हाकलता येत नाहीत आणि त्यांच्या अंगी प्रतिकारशक्तीही नसते. विषाणूला दर वर्षी असा नवा, कोरा आसरा मिळत राहतो. शिवाय पक्ष्याला शिवेचे बंधन नाही. विषाणू एका जलाशयावरून दुसऱ्या जलाशयावर तोच नेतो.

२०२२ साली ऑस्ट्रेलियात याचा प्रत्यय आला. अतिवृष्टी व पुरामुळे पाणपक्षी व डास फार वाढले आणि जेथे हा रोग पूर्वी कधी दिसला नव्हता अशा दक्षिण व पूर्व भागातील ऐंशीहून अधिक वराहपालन केंद्रांत तो शिरला. माणसांतही चाळीसहून अधिक रुग्ण झाले. रोग आल्याची पहिली ठळक खूण होती ती डुकरिणींच्या गर्भपाताची आणि मेलेल्या पिलांची.

डुकरांचा वाटा

नुसत्या बगळ्यांमुळे माणसांत मोठी साथ सहसा येत नाही, कारण बगळे शेतात व झाडावर आणि माणसे घरात. ही दोन टोके डुक्कर जोडते. ते वस्तीजवळ असते, आकाराने मोठे असल्याने एका रात्री त्याला शेकडो डास चावतात आणि लागण झाल्यावर दोन ते चार दिवस त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. तेवढ्या दिवसांत त्याला चावलेले डास पुढे रोग वाहणारे होऊ शकतात.

एकदा लागण झालेले डुक्कर पुन्हा सहसा विषाणू वाढवत नाही. पण डुकराची पिढी लवकर बदलते. पिलांना आईच्या पहिल्या दुधातून मिळालेले संरक्षण दोन ते चार महिन्यांत संपते आणि ती लागण होण्याजोगी होतात. उन्हाळ्यात जन्मलेली पिले नेमकी पावसाळ्यात, डास वाढण्याच्या वेळी, उघडी पडतात. जपान व कोरियात डुकरांना लस दिली जाते; परंतु दर वर्षी नव्या पिलांना टोचावे लागत असल्याने तो उपाय सर्वत्र परवडत नाही.

डुक्कर वरून निरोगी दिसते, म्हणून त्याच्यात विषाणू आहे हे कळत नाही. अपवाद गाभण डुकरिणीचा. तिचा गर्भपात होतो, किंवा पिले मेलेली वा अशक्त जन्मतात. नराची प्रजननक्षमताही कमी होते. कळपात असे प्रकार एकामागून एक दिसले तर नुसते नशिबाला बोल न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. तो गावासाठीही इशारा असू शकतो.

रानडुकरांनाही या विषाणूची लागण होते. जपानमध्ये त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये आढळली आहेत. गावात डुकरे पाळत नाहीत म्हणजे धोका नाही, असे समजू नये. केरळातील कुट्टनाड या बदकपालनाच्या भागात १९९६ मध्ये साथ आली होती. बदकांच्या व कोंबड्यांच्या लहान पिलांतही विषाणू वाढू शकतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे.

गाई-म्हशींचे काय?

हा विषाणू वाहणारे डास क्युलेक्स जातीचे असून त्यांत क्युलेक्स विष्णुई व त्याच्या जवळच्या जाती प्रमुख आहेत. त्यांचा खरा ओढा गुरांकडे असतो. गाई, बैल, म्हशी यांना ते सर्वांत जास्त चावतात. परंतु गुरांच्या रक्तात विषाणू डासाला लागण होण्याइतका वाढत नाही. म्हणजे डासाने गुराला घेतलेला चावा विषाणूच्या दृष्टीने वाया जातो.

तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात भाताची शेती प्रचंड आहे, डासही आहेत, तरी तेथील मुलांत या विषाणूची लागण कमी आढळली. संशोधकांनी त्याचे एक कारण असे दिले, की तेथे डुकरांच्या मानाने गुरांची संख्या खूप मोठी आहे.

तेव्हा गुरे ही एक प्रकारे ढाल आहेत. मात्र ढालीला दुसरी बाजूही आहे. भरपूर रक्त मिळाले की डासांची मादी भरपूर अंडी घालते, म्हणजे गोठ्यामुळे डासांची एकूण संख्या वाढते. म्हणून गुरे असावीत, पण गोठा राहत्या घराला लागून नसावा आणि गोठ्यात किंवा त्याच्या ओसरीवर मुलांना झोपवू नये.

दिवसांचा हिशेब

हे डास स्वच्छ, उथळ, ऊन लागणाऱ्या साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. नुकतीच लावणी झालेले खाचर त्यांना फार मानवते. अंड्यापासून उडता डास होण्यास उष्ण हवेत आठवडा ते दहा दिवस पुरतात.

आता साखळी मोजू. लागण झालेल्या बगळ्याचे रक्त डासाने प्याले, की त्याच्या शरीरात विषाणू वाढून लाळेपर्यंत येण्यास एक ते दोन आठवडे लागतात. मग तो डुकराला चावतो. डुकराच्या रक्तात विषाणू एक ते तीन दिवसांत दिसू लागतो. तेथून नवे डास विषाणू घेतात व पुन्हा एक-दोन आठवडे जातात. त्यानंतर डास मुलाला चावतो आणि पाच ते पंधरा दिवसांनी ताप येतो. एकूण काळ तीन ते सात आठवड्यांचा होतो. जुलैत रोवणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रुग्ण, असे का दिसते ते यावरून कळेल. रुग्ण दिसल्यावर धूर फवारणीसाठी धावाधाव होते. ती आवश्यक असली तरी त्या वेळेपर्यंत साखळीच्या बहुतेक कड्या जुळून गेलेल्या असतात. तयारी लावणीच्या आधी करावयाची असते.

प्रत्येक विषाणूचे गणित वेगळे

डासांमार्फत येणाऱ्या सर्वच विषाणूंना हा हिशेब लागू पडत नाही. डेंग्यूचे मूळ आग्नेय आशियातील व पश्चिम आफ्रिकेतील रानांत माकडांत असले तरी गावाशहरांतील डेंग्यूला आता प्राण्याची गरज उरलेली नाही. तेथे माणूसच यजमान आहे. म्हणून तेथे घरातील रांजण, टायर, कूलर यांतील पाणी महत्त्वाचे आणि दिवसा चावणारा एडिस डास महत्त्वाचा.

वेस्ट नाईल विषाणू पक्ष्यांत वाढतो. १९९९ साली तो न्यूयॉर्कमध्ये प्रथम पोचला, तेव्हा माणसांत रुग्ण दिसत असतानाच शहरात कावळे मरून पडत होते. त्या दोन गोष्टींची सांगड घातल्यावर रोगाचा उलगडा झाला.

ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ या काळात पीतज्वराची साथ आली, त्या आधी व त्या सुमारास रानातील माकडे मरत होती. ती गावकऱ्यांना मिळालेली पूर्वसूचनाच होती. पण काही लोकांनी भीतीपोटी माकडांनाच मारले. वास्तविक पीतज्वर माकड देत नाही, डास देतो. राखणदार कुत्रे भुंकले म्हणून त्यालाच मारण्यासारखे हे झाले. पीतज्वर आपल्या देशात नाही, पण हा धडा आपल्यालाही लागू आहे.

आपण काय करावे?

१) लसीकरण : रोगप्रवण जिल्ह्यांत शासनातर्फे ही लस मोफत दिली जाते. पहिली मात्रा ९ ते १२ महिने व दुसरी १६ ते २४ महिने या वयात देतात. आपला जिल्हा त्यात आहे का, याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. गोवरासारख्या रोगात गावातील बहुतेक मुलांना लस दिली, तर उरलेल्यालाही थोडे संरक्षण मिळते, कारण रोग माणसांतूनच फिरतो. येथे तो बगळ्यांत व डुकरांत फिरत राहतो. म्हणून शेजारच्या दहा मुलांच्या लसीने आपले मूल वाचत नाही. त्याला स्वतःलाच लस हवी. जपानमध्ये रुग्ण अगदी थोडे उरले आहेत, तरी तेथील डुकरांत विषाणू आजही सापडतो.

२) खाचरातील पाणी : कालव्याखालील किंवा विहिरीच्या पाण्यावरील भातात रोपे रुजल्यानंतर सतत पाणी कोंडून ठेवू नये. दर पाच-सात दिवसांनी पाणी मुरू द्यावे किंवा काढावे आणि साठलेले पाणी दिसणार नाही, पण चिखल ओला राहील अशा स्थितीत दोन-तीन दिवस ठेवावे. डासांच्या अळ्या मोठ्या होण्याआधीच मरतात आणि पाण्याचीही बचत होते. जमिनीला मोठ्या भेगा पडू देऊ नयेत. भात निसवताना व फुलोऱ्यात मात्र पाच सेंटिमीटर पाणी राहू द्यावे. खाचर सपाट नसेल तर खोलगट जागी व पावलांच्या खळग्यांत पाणी राहून अळ्या जगतात, म्हणून चिखलणीनंतर फळी नीट फिरवावी. हा उपाय शिवारातील सर्वांनी मिळून केला तरच गुण येतो. केवळ पावसावर अवलंबून असलेल्या धानात पाणी सोडणे जोखमीचे आहे. तेथे पुढील उपायांवर भर द्यावा.

३) खते व औषधे : नत्र खताच्या मात्रेनंतर खाचरात डासांच्या अळ्या वाढतात, असे दक्षिण भारतातील पाहणीत आढळले आहे. म्हणून युरिया शिफारशीइतकाच व हप्त्यांनी द्यावा. मदुराई येथील वैद्यकीय कीटकशास्त्र संशोधन केंद्राने १९९० च्या दशकात निंबोळी पेंडीचा थर दिलेला युरिया वापरून व पाण्याचे नियोजन करून अळ्या कमी केल्या होत्या. सध्या मिळणाऱ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा अगदी पातळ लेप असतो. तो नत्र वाचवण्यासाठी आहे, त्याच्यावर डासांसाठी विसंबू नये. डासांकरिता भातावर कीटकनाशक मारू नये. अळ्या खाणारी चतुराची पिल्ले व पाणकिडे त्याने मरतात आणि डास मात्र औषधाला सरावतात.

४) डुकरे : वराहपालन करणाऱ्यांनी गोठा वस्तीपासून जितका दूर नेता येईल तितका न्यावा. हे डास एक-दोन किलोमीटर सहज उडू शकतात, म्हणून नुसत्या अंतराने काम भागत नाही. सायंकाळपासून सकाळपर्यंत गोठ्याला बारीक जाळी लावावी आणि सांडपाणी साचू देऊ नये. मोकाट डुकरांचा बंदोबस्त ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी करावा. ज्यांचे पोट या धंद्यावर आहे त्यांना दोष देऊन गाव सुरक्षित होत नाही. त्यांना जाळी व जागा मिळवून देण्याने होते.

५) बगळे : बगळ्यांना मारू नये, घरट्यांची झाडे तोडू नयेत. एका झाडावरून उठवलेले पक्षी दुसऱ्या गावी जातात आणि विषाणूही तिकडे जातो. शिवाय हे पक्षी किडे खाऊन आपले पीक राखतात आणि कायद्यानेही त्यांना संरक्षण आहे. अशा झाडांखाली किंवा जवळ रात्री झोपू नये, एवढी काळजी पुरे.

६) डासांपासून बचाव : हे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत आणि मुख्यतः घराबाहेर चावतात. मुलांना दिवेलागणीनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व मच्छरदाणीत झोपवावे. पाणी देण्यासाठी किंवा राखणीसाठी रात्री शेतावर जाणाऱ्यांनीही अंग झाकावे. अंगणात झोपण्याची सवय पावसाळा व त्यानंतरचे दोन महिने तरी सोडावी.

७) ताप आल्यास : जोराचा ताप, उलट्या, मान ताठणे, झटके, असंबद्ध बडबड किंवा गुंगी यांपैकी काही दिसल्यास एक तासही दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटके येत असताना मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात पाणी, चमचा वा औषध घालू नये. अंगारे-धुपारे व झाडपाल्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. विषाणूवर औषध नसले तरी श्वास, झटके व मेंदूची सूज वेळेवर सांभाळली तर अनेक मुले वाचतात.

शेवटी

बांधावरच्या तणाचे बी जोवर शिल्लक आहे तोवर शेत एकदा निंदून काम संपत नाही, हे आपण जाणतो. या रोगाचेही तसेच आहे. बगळ्यांतील विषाणू आपण संपवू शकत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. पण बगळ्यापासून डुकरापर्यंत व डुकरापासून मुलापर्यंतची वाट मात्र आपल्या खाचरातून, आपल्या गोठ्यावरून आणि आपल्या अंगणातून जाते. ती अडवणे आपल्या हाती आहे. येत्या लावणीपूर्वी घरातील लहान मुलांची लसीकरणाची कार्डे एकदा काढून पाहावीत. मात्रा राहिली असेल, तर बियाणे आणायला जाल त्याच दिवशी वाटेत आरोग्य केंद्रातही जाऊन यावे.